खिळा न ठोकणाऱ्या वहिनी

खिळा हा माणसाचा शत्रू आहे असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली, ती म्हणजे आमच्या वहिनी. खडकीच्या आमच्या क्वार्टरमध्ये त्या सून म्हणून आल्या आणि वर्षभरात कपाटाचा, पलंगाचा, अगदी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीचासुद्धा खिळा निघून तिथे स्क्रू बसला. दारूगोळ्याच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं घालवलेले आमचे आबा वैतागून विचारायचे, "सूनबाई, हे घर आहे का मुलांचा खेळ?" वहिनी शांतपणे म्हणायच्या, "आबा, जोडलेलं कधीतरी सुटणारच. ते भिंत न फोडता सुटावं, एवढंच बघायचं." वंदनेनंतर रोज आम्हाला अनित्य, म्हणजे काहीच कायमचं टिकत नाही, हे समजावून सांगणारे आबा मग स्वतःच त्यांना स्क्रू-ड्रायव्हर शोधून द्यायचे.

स्वयंपाकातही तेच. वरण साधं, आणि शेजारी फोडण्यांच्या वाट्या: लसणाची, हिंगाची, दादासाठी मिरचीची. ज्याची त्याने ओतून घ्यावी. एखादी करपली तरी वरण शाबूत. माझ्या लग्नात मांडव, आचारी आणि बँड यांची कामं त्यांनी अशी लावली होती की कुणाचं कुणावाचून अडू नये. बँड आलाच नाही. भंतेजींनी लग्न वेळेवर लावलं, पंगती वेळेवर उठल्या, आणि बँड ठरला होता हे माझ्या सासूबाईंना संध्याकाळी कळलं. नवरदेव आला नसता तरी जेवणं वेळेवर झाली असती, असं आमच्या ह्यांचं अजूनही मत आहे.

अशा या वहिनी बुधवार पेठेत, रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांवरच्या मजल्यावर, एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायच्या. बाजार नुकताच खुला झालेला, आणि ज्याला त्याला कॉम्प्युटर हवा होता. बाकीचे लोक अख्खा प्रोग्रॅम एकसंध लिहीत. त्यातली एक ओळ बदलली की तिसरंच काहीतरी कोसळे, मग लिहिणाऱ्यालाच बोलावणं धाडावं लागे. वहिनींनी मात्र एका मोठ्या हॉस्पिटलसाठी केस पेपर, औषधं, बिलं असे वेगवेगळे भाग केले. प्रत्येक भागाला जणू एकच खिडकी. दुसऱ्या भागाशी द्यायचं-घ्यायचं ते तिथूनच. औषधांचा भाग दुरुस्तीला काढला तरी केस पेपर निघत राहायचे. एवढ्या वेळात तीन हॉस्पिटलं उरकली असती, अशी मालकांची कुरकुर असायची.

पुढे ती कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. कुणाला ठेवायचं ते ठरवायला नवे साहेब एकेकाला बोलावून विचारू लागले, तुम्ही गेलात तर काय अडेल? दादाचा कारखाना तेव्हा बंद पडलेला, घर वहिनींच्या नोकरीवर चाललेलं. वहिनींची पाळी यायच्या आदल्या संध्याकाळी दादा अगदी काकुळतीला आला. "अगं, एखादी तरी कळ माझ्याच हातात आहे म्हणून सांग ना!"

"पेशंट दारात उभा आणि सगळे माझी वाट बघतायत, याला काम म्हणायचं का?" वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं, काहीच अडणार नाही. साहेबांनी आभार मानले आणि त्यांना घरी पाठवलं. ज्यांचे प्रोग्रॅम रोज कोसळायचे ते सगळे राहिले. मला त्याची चीड आजही येते. वहिनी मात्र दोन बस बदलून लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकवायला जाऊ लागल्या.

काही वर्षांनी आबांना त्याच हॉस्पिटलात न्यावं लागलं. खिडकीपलीकडच्या मुलीने आबांचं नाव टाकलं, केस पेपर निघाला आणि पाठोपाठ रक्ततपासणीची चिठ्ठीही बाहेर आली. वहिनी वाकून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघू लागल्या.

"काकू, मागे सरका. बघून काही कळणार आहे का तुम्हाला?"

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं.

आबा आत गेल्यावर त्या बाकावर बसल्या. "तपासणीचा भाग माझ्या वेळी नव्हताच," त्या म्हणाल्या. "पण कधीतरी लागेल म्हणून एक जागा मोकळी ठेवली होती. कुणाला सांगायला वेळच मिळाला नाही. नेमकं तिथेच जोडलंय गं. कुणाला तरी ती दिसली."

नोकरी गेली त्या दिवशी वहिनी रडल्या नव्हत्या. त्या बाकावर मात्र पदर तोंडाला लावून रडल्या.