मिठावरून निघालेली गोष्ट

करंजा बंदरातून आलेली सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची गोणी आज सकाळी दुकानात उघडली आणि मिठाचे चार कण काउंटरवरच्या उघड्या शब्दकोशावर सांडले. सुक्या मासळीचा तो खारा, उग्र वास आला की मला हटकून सर आठवतात, आणि सरांवरचा रागही.

निवृत्त संस्कृत शिक्षक. बोंबील घ्यायला यायचे. मी मिठागरात वाढलेला, धंदा अंगमेहनतीने उभा केलेला. भावात पनवेलमध्ये मला कुणी हरवत नाही. सौद्यात आधी तोंड उघडायचं नाही, हा माझा नियम. पण हा माणूस भाव सोडून भलतीकडेच वळायचा. ‘‘शेठ, मीठ हा शब्द मुळात गोडाचा! मृष्ट म्हणजे चवदार. तुमचं मीठ आणि हलवायाची मिठाई एकाच घरची.’’ तिथून लवण, लवणातून लोणचं, आणि लोणच्यातून कुठल्या कुठे! मी तराजू धरून ऐकत राहायचो. मागून एखादी बाई करवादायची, ‘‘ओ शेठ, बोंबील देताय का शाळा भरवलीय?’’ तिच्यावर खेकसून मी सरांना म्हणायचो, ‘‘पुढे?’’

एकदा म्हणाले, ‘‘मिठाचं सौंदर्याशीही नातं आहे. पण ती गोष्ट मोठी. उद्या सांगतो.’’ दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराला कुलूप. मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली होती. निरोप नाही, फोन नाही. अर्धी गोष्ट माझ्या गळ्यात मारून माणूस गेला! मीही फोन केला नाही. आधी त्यांनी बोलावं.

शेवटी हा कोश विकत आणला. आज मीठ फुंकरताना नजर पडली: लावण्य, लवणापासून. बस्स? एका ओळीत? सरांनी याला अख्खी दुपार लावली असती, वाटेत दहा ठिकाणी रेंगाळले असते. ती दुपार बुडाली, हाच तर माझा राग. आणि एकदम बाप आठवला. मिठागरात पाण्यावर पहिली पांढरी साय धरली की तो बांधावरून ओरडायचा, ‘‘बग, आगराला रूप आयलं!’’ म्हणजे मीठ आलं की रूप आलं. हे तर कोशातही नव्हतं!

फोन लावला. पलीकडे ओळखीचा खोकला. आयुष्यात पहिल्यांदा आधी मी बोललो. बापाचं सगळं सांगितलं.

मग सर म्हणाले, ‘‘पुढे?’’

बापाचं आगर कधीच भरावाखाली गेलं. तरी आज दुपारभर आम्ही दोघे त्याच्या बांधावरून चालत होतो. बाहेर गिऱ्हाईक ओरडत होतं. ओरडू दे.