डिकीवरचं नाव

मैलभर चालून झालं तरी डेलमर कुबिचेकने मागे वळून पाहिलं नाही. मागे रस्त्याच्या कडेला लवॉन थीसनची गाडी बंद पडून उभी होती आणि तिच्या डिकीवर त्याचंच नाव चकाकत होतं. चर्चमधलं जेवण आटोपून ती त्याला घरी सोडायला निघाली होती. फोन केला असता तर कुणीही न्यायला आलं असतं. पण लवॉन म्हणाली, "चल पायी. तुलाही कळू दे, माझी गाडी किती चालते ते."

"किल्ली फिरवली की नुसती कुरकुरते का?"

"महिना झाला. भाग सदोष आहे, फुकट बदलून देऊ, असं कंपनीच म्हणते. कुठे, तर तुझ्या दुकानात. आणि तुझं दुकान सत्तर मैलांवर."

ते दुकान आता त्याचं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

हॅडली गावात डेलमरने उभा जन्म गाड्या विकल्या. विकलेल्या गाडीच्या मागे आपल्या नावाची पट्टी लावायची हा त्या धंद्याचा रिवाज, आणि तो त्याने जरा तोऱ्यातच पाळला. दुकानात सकाळी कॉफी आणि खसखस भरलेले कोलाचे, म्हणजे गोड पाव, असत; गाडी घ्यायची नसली तरी माणसं येऊन टेकत.

गाड्या बनवणाऱ्या कंपनीने स्वतः दुकान उघडून गाड्या विकायच्या नाहीत, हमीची दुरुस्तीही करायची नाही, सगळं डेलमरसारख्या डीलरमार्फतच, असा राज्याचा कायदा. तो सैल करायचं घाटलं तेव्हा डेलमर राजधानीत, लिंकनला, विधिमंडळाच्या समितीपुढे बोलायला गेला. शेजारी लवॉनला बसवलं. तिचा नवरा नुकताच गेलेला, अंगात काळा कोट. बर्फाच्या वादळात ट्रॅक्टर घेऊन आपण तिची गाडी कशी ओढून आणली, हे त्याने असं सांगितलं की अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "कंपनीला दार नसतं," तो म्हणाला होता. "माझ्या दारावर ही बाई कधीही थाप मारू शकते."

कायदा टिकला.

गोष्टीत खोटं काही नव्हतं. पण पुढे त्याचे गुडघे गेले. गावोगावची दुकानं विकत घेणारी एक बडी मंडळी आली, भाव चांगला होता, त्याने दुकान विकलं. नावासकट. वर्षाच्या आत त्यांनी हॅडलीचं दुकान बंद केलं आणि त्याचं नाव सत्तर मैलांवरच्या शोरूमवर चढवलं. कंपनी गावात दुरुस्तीपुरतं तरी दुकान काढायला तयार होती. आडवा आला तो कायदाच.

"ते बंद करणार, हे तुला ठाऊक होतं?" लवॉनने विचारलं.

तो बाजूच्या मक्याच्या शेताकडे बघत म्हणाला, "मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

"मग तुला विकता आलं नसतं."

"नसतं आलं."

लवॉन म्हणाली, "रविवारी हल्ली चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतोस. मला वाटलं, माझं गाणं सोसवत नाही."

"तेही आहेच."

लवॉन हसली. त्याला मात्र हसू आलं नाही. देवापुढे मान खाली घालताना अगदी पुढच्या बाकावर तिचीच पाठ दिसायची, म्हणून तो मागे सरकला होता.

"मंगळवारी तो कायदा सैल करायचा प्रस्ताव पुन्हा समितीपुढे येतोय," तो म्हणाला. "दुकान घेतलेल्या त्या मंडळींना कायदा टिकवायला माझ्या तोंडून तीच बर्फाची गोष्ट हवी आहे. त्या बाईंनाही आणा, म्हणाले."

"मग त्या बाई काय म्हणाल्या?"

"विचारायचं धाडस होत नव्हतं." लांबवर गावची पाण्याची टाकी दिसू लागली होती. तो थांबला, गुडघा चोळला. "मी जाणार आहे. पण ते दार आता उरलं नाही, ते मीच विकलं, हे सांगायला. फक्त मला माझा भरवसा नाही, लवॉन. समोरची माणसं ऐकायला लागली की माझी जीभ सुटते, आणि उठताना सगळे माझ्याच बाजूचे झालेले असतात."

"मग मी काय करू?"

"तेव्हासारखी शेजारी बस. आणि बोलता बोलता मी पुन्हा त्या ट्रॅक्टरवर चढतोय असं दिसलं, की माझी बाही ओढ."