लायसन्स परत आलं त्याची गोष्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वकिलालाही नाही. केस कशी जिंकलो ते मात्र निम्म्या वसईला ऐकवलंय – इतक्या वेळा, की माझी मुलगी पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकते. तुम्हालाही आधी तेच ऐकवतो. कारण ते खरं आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

माझे तीन टेम्पो आहेत. सुरुवात केली ती सायकलवर केळीचे घड बांधून. कुणी हात दिला नाही. पावसाळ्यात एका रविवारी माझ्या ड्रायव्हरनं मला न विचारता दहा-बारा पोरं मालाच्या टेम्पोत भरली आणि चिंचोटीच्या धबधब्यावर नेली. वाटेत आरटीओवाल्यांनी गाडी अडवली. मालाच्या गाडीत माणसं – म्हणजे लायसन्स जाणार! पण कुणाचं? आम्ही टेम्पोवाले गाडीच्या कागदांत मालकाच्या लायसन्सची झेरॉक्स ठेवतो. ड्रायव्हरनं घाबरून तीच पुढे केली, आणि लिहिणाऱ्यानं तोंडाकडे न बघता माझा नंबर उतरवला. मी तेव्हा पापडीत भाचीच्या साखरपुड्यात होतो. तरी लायसन्स तीन महिन्यांसाठी बंद – माझं! सांगा, हा काय न्याय झाला?

मी पेटलो. अपील केलं. वकील म्हणाला, तीन महिने गप बसा, आपोआप मिळेल. मी? गप? आठ आण्यांसाठी बाजार डोक्यावर घेणारा माणूस मी! साखरपुड्याचा व्हिडिओ मिळवला. त्यात तारीख होती, वेळ होती, आणि मागे मी मांडववाल्याशी हातवारे करून भांडत होतो. सुनावणीत साहेबांनी तो बघितला आणि हसू दाबत म्हणाले, “अहो, दुसऱ्याच्या साखरपुड्यात पण घासाघीस?” मी म्हणालो, “साहेब, त्यानं पंख्याचे वेगळे लावले होते!” सगळे हसले. त्या क्षणी कळलं – जिंकलो! अंगावर काटा आला हो.

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगतो.

पुढे साहेबांनी एक साधी गोष्ट विचारली. लायसन्स बंद करण्याआधी ऑफिसनं नोटीस काढली होती, बाजू मांडायला बोलावलं होतं. तेव्हा तुम्ही का आला नाहीत?

आता पास्कलकाकांबद्दल सांगायला हवं. पापडीत त्यांचं छोटं ड्रायव्हिंग स्कूल होतं. मला गाडी त्यांनीच शिकवली. लायसन्सचे अर्जही तेच भरत, आणि आमच्याकडे एजंट लोक करतात तसं अर्जावर मोबाइल नंबर स्वतःचाच टाकत – ओटीपीसाठी दहा वेळा फोन नको म्हणून. त्यामुळे माझी नोटीस त्यांच्या मोबाइलवर आली.

आणि ती त्यांनी दाबून ठेवली, असं मी लिहून दिलं होतं. अपिलाच्या अर्जात. शपथेवर.

साहेबांनी त्यांनाही बोलावलं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, चर्चला जाताना घालतात तसा. म्हणाले, “नोटीस दिली ना, साहेब. प्रिंट काढून याच्या वाडीवर गेलो. हातात दिली.” साहेब माझ्याकडे वळले. काकांनीही बघितलं – रागानं नाही हो, विश्वासानं. जणू मी आता म्हणणार, हो, दिली होती.

मी म्हणालो, “नाही.”

एक शब्द. किती सोपा असतो!

बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, “तुझ्याकडे व्हिडिओ होता रे बाबा. माझा कुणी काढला नव्हता.”

माझं लायसन्स परत आलं. मी पेढे वाटले. निकालात साहेबांनी काकांवर शेरा मारला होता – नोटीस दाबून ठेवली. त्यांच्या स्कूलच्या परवान्याचं नूतनीकरण त्या शेऱ्यावर अडलं, मग थांबलंच. ज्यांनी निम्म्या गावाला गाडी शिकवली, त्यांच्याकडे अर्ज द्यायला लोक कचरू लागले. पाटी उतरली. आता ते रोज सकाळी चर्चला चालत जातात. मी टेम्पोतून जातो. टेम्पो हळू करतो – थांबवत नाही.

का केलं मी असं? खरं सांगितलं असतं तरी व्हिडिओ होताच. कदाचित तरीही जिंकलो असतो. पण ज्या ऑफिसनं माझ्यावर अन्याय केला, त्याच्यासमोर माझीही एक चूक होती असं म्हणायचं? शंभरातले नव्याण्णव मला नको होते. पूर्ण शंभर हवे होते.

नोटीस आली त्या दुपारी वाडीवर मी एका व्यापाऱ्याशी केळ्यांच्या भावावरून अडून बसलो होतो. काका उन्हात उभे होते. त्यांनी नोटीस माझ्या हातात दिली. मी बघत नाही म्हटल्यावर तारीख मोठ्यानं वाचून दाखवली, साखरपुड्याचा व्हिडिओ घेऊन जा असंही सांगितलं. मी म्हणालो, “त्यांची काय हिंमत मला बोलवायची!” आणि नोटीस चुरगळून केळीच्या पाल्यात फेकली.

व्यापारी हसला. काका हसले नाहीत. वाकून ती उचलली, सरळ केली आणि पुन्हा माझ्या हातात दिली.