हुबी सायकल

मामांच्या मातीला जाताना मी सायकलवरून पडलो.

फार लागलं नाही. गुडघा खरचटला, तेवढंच. पण तेच लिहितोय, कारण दुसरं काही सुचत नाहीये.

दिनूमामा काल सकाळी गेले. चहा प्यायले, कप विसळून ठेवला, जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. हार्ट अटॅक.

ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी सायकलची चेन पुसत होतो. मेसेज वाचला आणि राहिलेली चेन पुसून काढली.

रडू येत नाहीये. काल पण आलं नाही.

ज्यांना मामा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. साखर कारखान्यातून रिटायर झालेले फिटर. राहायला कसबा बावड्यात. आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये वयाने सगळ्यात मोठे, आणि सायकल पण सगळ्यात जड. काळी, बावीस इंची, मागे कॅरिअर.

तरुणपणी गावोगावच्या जत्रेत स्लो सायकलिंग जिंकलेला माणूस. म्हणजे शेवटी पोचेल त्याचा पहिला नंबर.

मधे पाय टेकला की आउट.

मामा सायकल जागच्या जागी उभी करायचे. दोन्ही पाय पेडलवर, सायकल ढिम्म. वर तशातच खिशातला रुमाल काढून चष्मा पुसायचे. याला ट्रॅकस्टँड म्हणतात हे आम्ही त्यांना सांगितलं. ते म्हणायचे, हुबी सायकल.

राईड संपली की आम्हाला शाळेच्या ग्राउंडवर न्यायचे.

"चाक जरा चढाकडं वळीव. पाय दोन्ही एका लेव्हलला. आता भार दे. आन् ल्येका, चाकाकडं काय बघतोयस? लांब बघ की!"

मी दोन रविवार गेलो. पाच सेकंद पण जमेना. हात टेकले.

मग मला त्या प्रकाराचा रागच यायला लागला. खरं सांगतो. मी ग्रुपचा ॲडमिन. कोणाचे किती किलोमीटर, किती ॲव्हरेज, सगळं टाकणारा मी. आणि मला एका जागी उभं राहता येईना.

गारगोटीला जाऊन आलो त्या दिवशी मामांनी ग्रुपवर लिहिलं, पुढच्या रविवारी राईड जरा कमी करू, अर्धा तास हुबी सायकल करू.

मी सगळ्यांसमोर लिहिलं, "मामा, आम्हाला सर्कशीत जायचं नाहीये. रोडवर याचा उपयोग काय?"

खाली हसायच्या इमोजींची रांग लागली.

मामांनी अंगठा टाकला.

रविवारी भेटल्यावर एवढंच म्हणाले, "म्होरं उसाची ट्रॉली आली, रस्ता न्हाई दिला, तर काय करशील?"

"उतरेन की."

"व्हय. उतर मग."

आणि हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांनी कुणाला ग्राउंडवर बोलावलं नाही. राईड झाली की सरळ घरी. हे माझ्यामुळे झालं ते मला कळत होतं. सॉरी म्हणायचं मी या रविवारवरून त्या रविवारवर ढकलत राहिलो.

काल ठरलं की मामांना सायकलवरून पोचवायचं. आयडिया माझीच. सगळ्यांनी ग्रुपची जर्सी घालून, शववाहिकेच्या मागे, दोन-दोनच्या रांगेत. घरापासून स्मशानभूमीपर्यंत.

एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही. मातीला लोक चालत येतात. म्हातारी माणसं पुढे असतात. गाडी त्यांच्या चालीने जाते.

आम्ही तीसच्या स्पीडचे लोक. त्या चालीने आम्हाला सायकलच चालवता येईना. हँडलं डुगडुगायला लागली. कोणी पाय टेकला, कोणी पुढच्याच्या चाकाला लागला. मी तर पेडलला अडकणारे बूट घालून गेलो होतो. वेळेला पाय सुटला नाही आणि भर रस्त्यात आडवा झालो.

कडेला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने हात दिला. "पावणं, उतरून चाला की. मयतीत काय शर्यत हाय व्हय?"

उतरलो. एकेक करत सगळेच उतरले.

तबस्सुम तेवढी उतरली नाही. मामांकडून हुबी सायकल पुरती शिकलेली ती एकटीच. आम्ही घरी जाऊन पोहे खायचो तेव्हा ती ग्राउंडवर पडत असायची.

गाडी थांबली की ती थांबायची. गाडी हलली की हलायची. चौकात गाडी बराच वेळ अडकली. सगळा चौक तिच्याकडे बघत होता. तिने पाय टेकला नाही.

मी मागून सायकल ढकलत चाललो होतो. बूट टक टक वाजत होते.

गेटपाशी तिला विचारलं, "कसं जमलं गं?"

"चाकाकडं न्हाई बघितलं," ती म्हणाली. "मामांच्याकडं बघत होतो की."

गारगोटीला जायला हुबी सायकल लागत नाही, असं मला अजून पण वाटतं. स्पीड वाढत नाही, चढ सोपा होत नाही. पण काल फक्त एका माणसाच्या मागून त्याच्या चालीने जायचं होतं, आणि मला ते आलं नाही.

आज सकाळी ग्राउंडवर जाऊन आलो. साधे बूट घालून. चाक चढाकडे वळवलं, पाय लेव्हलला घेतले, भार दिला. तीन सेकंद.

लांब बघ म्हणजे नेमकं कुठे बघायचं, ते विचारायचं राहिलं.

उद्या सकाळी रक्षाविसर्जन. ग्रुपमधल्यांनी सायकली घरी ठेवून या. चालत जाऊ.

मामा, सर्कस म्हणालो ते चुकलं. या रविवारी नक्की सांगणार होतो.

शेवटी पोचेल त्याचा पहिला नंबर, असं तुम्हीच सांगायचा ना? मग एवढी घाई कशाला केलीत?

सायकलवरून उतरून, तुम्हाला श्रद्धांजली.