मौनाचे वकीलपत्र

विनायकराव देव मानीत नसत. तरीही विलायतेहून कायद्याच्या साप्ताहिकांचे पुडके आले, की ते कोर्टातून येऊन आधी स्नान करीत, धुतलेले धोतर नेसत, पडवीत पाट मांडून त्यावर पुडके ठेवीत आणि सुतळी न कापता तिची एकेक गाठ बोटांनी सोडवीत. त्या वेळी घरात कोणी शिंकलेलेही त्यांना खपत नसे. माझा जन्म पाठशाळेत आणि पूजापाठात गेला. परंतु एवढ्या श्रद्धेने कोणी पोथीचे बासन सोडल्याचे मी पाहिलेले नाही.

सुवेझचा कालवा त्या काळी बंद होता. पुडके आफ्रिकेला वळसा घालून येई, त्यामुळे तिकडचा ताजा कायदा साताऱ्यात पोहोचेपर्यंत चांगला मुरलेला असे. विनायकरावांना त्याचे काही वाटत नसे. त्यांच्या आणि माझ्या पडवीमध्ये कमरेएवढी भिंत होती. तिच्यावरून आवाज येई, "शास्त्रीबुवा, ऐकलंत का? इंग्लंडातली फिरती फौजदारी न्यायालयं बंद झाली! शतकानुशतकांची परंपरा मोडली हो!" त्यांचा स्वर असा असे, की घरात कोणी गेले असावे असे वाटे. एकदा ही वार्ता दूधवाल्याच्या कानी पडली. त्याच्यावर दहिवडीच्या कोर्टात बांधाच्या भांडणाचा खटला होता. त्याने चरवी खाली ठेवली आणि आशेने विचारले, "मंग माजी म्हैन्याची तारीक बी गेली का, वकीलसाब?"

पेठेत त्यांना 'बॅरिस्टर' म्हणत. वास्तविक ते एका मित्राला निरोप द्यायला मुंबईच्या धक्क्यापर्यंत गेले होते, तेवढाच त्यांचा विलायतेच्या दिशेने झालेला प्रवास. पण लंडनमधील कोणत्या न्यायालयासमोर कोणती गल्ली आहे, हे ते सांगू शकत. साताऱ्याच्या कोर्टामागच्या गल्लीत मात्र एकदा ते वाट चुकले होते.

आमची पहिली भेट सांगलीची. मी तेथे विद्यार्थी होतो. पहाटे कृष्णेच्या घाटावर संध्येला बसलो असता एक तरुण गुडघाभर पाण्यात उभा राहून पैलतीराला उद्देशून इंग्रजीत भाषण करू लागला. पलीकडे एक म्हैस पाणी पीत होती. भाषण पुष्कळ चालले. शेवटी त्याने कमरेत वाकून अभिवादन केले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "क्षमा करा हं. न्यायमूर्ती उठले." म्हैस खरोखरच निघून गेली होती.

विनायकरावांच्या वकिलीचा सारा डोलारा एका तत्त्वावर उभा होता. आरोपीने तोंड उघडू नये. गुन्हा सिद्ध करणे हे सरकारचे काम. आरोपीने त्यांना मदत का करावी? अशील पायरी चढून वर आला, की त्याला बसा म्हणण्यापूर्वी ते म्हणत, "एक शब्द बोलू नकोस. पोलिसांशी नाही, कोर्टाशी नाही, माझ्याशीही नाही." पुढचा तासभर मग ते स्वतःच बोलत. "विलायतेत खुनी माणूसही न्यायाधीशापुढं मुकाट उभा राहतो. आणि न्यायाधीश ज्यूरीतल्या पंचांना बजावतो, याच्या गप्प बसण्याचा काहीएक अर्थ काढू नका. याला म्हणतात संस्कृती!"

या तत्त्वावर त्यांची निष्ठा जडली ती सांगलीच्या हळदीच्या पेठेतील एका मुनिमामुळे. त्याच्यावर अफरातफरीचा आळ होता. तो खटलाभर एक अक्षर बोलला नाही आणि सुटला. विनायकराव ही कथा डोळ्यांत पाणी आणून सांगत. त्या मुनिमाची दाढ सुजली होती आणि त्याला तोंडच उघडता येत नव्हते, ही गोष्ट मला पुढे त्यांच्या पत्नीने, सुशीलावहिनींनी सांगितली.

मी एकादशीला मौन पाळतो. विनायकराव त्यास खुळचट समजूत म्हणत. मात्र नेमके त्याच दिवशी ते आवर्जून माझ्याकडे येत, कारण त्या दिवशी मध्येच कोणी बोलत नसे.

आणि एके दिवशी पुडक्यातून वज्राघात निघाला. विलायतेतील मोठमोठ्या कायदेपंडितांच्या समितीने शिफारस केली होती, की आरोपीने पोलिसांपासून एखादी गोष्ट लपवली आणि पुढे न्यायालयात तिचाच आधार घेतला, तर त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावण्यास मुभा असावी. विनायकराव त्या दिवशी जेवले नाहीत. वहिनी भिंतीपाशी येऊन म्हणाल्या, "भावजी, जरा या हो. सुतक धरल्यासारखे बसलेत. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, हक्क गेला. मी म्हटलं, कुठल्या जमिनीवरचा?"

मी गेलो. ते खांबाला टेकून बसले होते. "इंग्लंड बुडालं, शास्त्रीबुवा," ते म्हणाले. "पण सातारा अजून उभा आहे. हा हक्क मी इथं जिवंत ठेवीन. असा एक खटला लढवतो, की त्याचा निकाल तिकडच्या साप्ताहिकात छापून यावा." त्यांनी तातडीने त्या साप्ताहिकाला मौनाच्या समर्थनार्थ एक पत्र लिहिले. ते इतके लांब झाले, की टपालाच्या पाकिटात मावेना.

हक्काला आता फक्त एक आरोपी हवा होता. तो इस्माईलच्या रूपाने आला.

इस्माईल कल्हईवाला आमच्या पेठेत सर्वांच्या ओळखीचा. पाठीवर भाता, पिशवीत कथील आणि नवसागर. वळणावर येताच "कल्हईऽऽय" अशी त्याची आरोळी उठे आणि घरोघरच्या बायका पातेली, तपेली घेऊन ओट्यावर येत. पलीकडच्या आळीत उत्तमराव पाटील राहत. त्यांचा शंभर माणसांचा भात शिजेल एवढा थोरला पितळी तपेला नाहीसा झाला. उत्तमरावांनी फिर्याद दिली. पोलिसांना तपेला इस्माईलच्या घरी सापडला. काठावर उत्तमरावांच्या वडिलांचे नाव कोरलेले होते तसेच.

जामिनावर सुटताच इस्माईल विनायकरावांच्या पडवीत आला. मी भिंतीच्या अलीकडे होतो. विनायकरावांनी त्याला थांबवण्यापूर्वीच तो बोलून गेला, "वकीलसाब, पोलिसांनी ऐकूनच घेतलं न्हाई. म्हातारीनं दिलाय मला त्यो. उत्तमरावांच्या आईनं. बुडाला चीर गेलीय, डाग मारून कल्हई करून ठेव म्हनली. त्याच दिशी एश्टीत बसून लेकीकडं गेली, कोयनानगरला. जावई हाय तिथं धरनाच्या कामावर."

"मग अडले कोठे?" मी न राहवून म्हणालो. "हेच सांगावे. चोराने काठावरचे नाव घासून काढले नसते काय?"

"शास्त्रीबुवा!" विनायकराव कडाडले. "हे धर्मशास्त्र नाही. इस्माईल, तू हे कोणालाही सांगायचं नाहीस. शाबित त्यांनी करायचं. फिर्यादीत काडीचा दम नाही, तू असाच सुटशील. फक्त तोंड उघडू नकोस!"

इस्माईल माझ्याकडे पाहत राहिला. मीही गप्प बसलो. कायदा विनायकरावांचा होता.

खटला उभा राहण्यास दोन-तीन महिने गेले. त्या अवधीत जे घडले ते कोणत्याही साप्ताहिकात येत नाही. पेठेत विचारणा होई, "तपेला कुठून आणलास रे?" इस्माईल वकिलांची आज्ञा आठवून मान खाली घाली. बायकांनी त्याचा एकच अर्थ लावला, आणि तो लावू नका असे त्यांना बजावणारा न्यायाधीश काही आमच्या ओट्यावर बसलेला नव्हता. आरोळी उठे, दारे लागत. सुशीलावहिनींनी तेवढी आपली भांडी त्याच्याकडे दिली. शेजारणींनी त्यांना, मोजून घ्या हो, असे बजावले. पुढे पुढे तर इस्माईलची आरोळीही खाली आली. वळणावर येऊन तो नुसताच उभा राही.

"विनायकराव," मी एकदा म्हणालो, "त्याचा धंदा बसला."

"सुटला की उठेल," ते म्हणाले. "आणि निकाल काय येईल, त्याची कल्पना आहे तुम्हाला? 'आरोपीने अखेरपर्यंत मौन पाळले.' आहाहा! पहिलंच वाक्य."

खटल्याच्या दिवशी मी कोर्टात मुद्दाम गेलो. उत्तमरावांची साक्ष झाली, पंचांची झाली. विनायकरावांनी उलटतपास उत्तम घेतला, हे मान्य केले पाहिजे. तपेला घरातून केव्हा गेला, हे उत्तमरावांना सांगता येईना. मग न्यायाधीशांनी नियमाप्रमाणे आरोपीला विचारले, "तुमच्या घरी हा तपेला मिळाला. याबाबत तुम्हाला काही सांगायचे आहे?"

विनायकरावांनी ओठांवर बोट ठेवले. त्यांच्या मुद्रेवर, ती विलायती गल्ली समोर दिसत असल्याप्रमाणे, समाधान पसरले होते. इस्माईलने त्यांच्याकडे पाहिले. पिंजऱ्याचा कठडा धरला.

"सायेब," तो म्हणाला, "वकीलसाब म्हनत्यात, गप ऱ्हा. गप ऱ्हायलो तर मी सुटनार बी आसंन. पन उद्या कुनाच्या दारात जाऊन वरडू? माजं प्वाट वरडन्यावर हाय. बाया भांडी हातात देत्यात ती इस्वासावर. कोर्टानं सोडला, पन बोलला न्हाई, म्हंजी चोरच, आसं म्हनत्याल त्या. त्या परास मी बोलतो, मग तुरुंगात घाला."

"इस्माईल!" विनायकराव उभे राहिले. "मी हरकत घेतो!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, आपण आपल्याच अशिलाला हरकत घेता आहात."

इस्माईलने सर्व सांगितले. न्यायाधीशांनी म्हातारीला साक्षीला बोलावण्याचा हुकूम केला आणि पुढच्या तारखेस ती लेकीसह एस.टी.तून येऊन हजर झाली. शपथ होते न होते तोच ती लेकाकडे वळली. "आरं उत्तम, मीच दिला की त्यो तपेला! पोलिसांत जायच्या आदी आईला इचारायला तुजं त्वांड शिवलं हुतं का? चार म्हैनं झालं, येक कारड न्हाई टाकलंस! आन् इस्माईलभाई, आवं, तुमी तरी कुनाला बोलायचं हुतं!"

"बोलायची बंदी हुती, आई," इस्माईल म्हणाला. सारे कोर्ट हसले. विनायकराव हसले नाहीत.

इस्माईल निर्दोष सुटला. बाहेर पायऱ्यांवर लोक विनायकरावांचे अभिनंदन करू लागले, तेव्हा ते म्हणाले, "कशाबद्दल? मी हरलो. जिंकला तो." आणि घरी येईपर्यंत आयुष्यात पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्याच दिवसापासून वळणावर आरोळी पूर्ववत उठू लागली. नव्हे, पूर्वीपेक्षा मोठी. दारे उघडली. ज्यांनी ती लावली होती त्याच बायका सर्वांत पुढे होत्या.

विनायकरावांनी इस्माईलशी पुढे कधी थेट संभाषण केले नाही. पण त्यांच्या घरची भांडी दुसऱ्या कोणाकडे गेलीही नाहीत. इस्माईल ओट्याखाली भाता फुंकीत बसे आणि विनायकराव भिंतीवरून मला मोठ्याने सांगत, "शास्त्रीबुवा, त्या गृहस्थाला म्हणावं, आवाज बसलाय तुझा. ज्येष्ठमध चघळ." इस्माईल खालूनच म्हणे, "वकीलसाबांना सांगा, चघळतो."

पुढे काही वर्षांनी एका पुडक्यातून वार्ता आली, की त्या समितीच्या शिफारशीवर तिकडे मोठा गदारोळ उठला आणि ती तशीच बाजूला पडली. आरोपीचा हक्क शाबूत होता. विनायकराव धावतच भिंतीपाशी आले. "माझं पत्र! छापलं नाही लेकांनी, पण वाचलं बरं का!" त्या दिवशी त्यांनी पेठेत पेढे वाटले. दूधवाल्याने तोंडात पेढा टाकून विचारले, "तारीक रद्द झाली व्हय शेवटी?"

विनायकराव गेले ते हृदयविकाराने, साप्ताहिक वाचता वाचता. वकिलांच्या खोलीत शोकसभा झाली. भाषणांत सर्वांनी त्यांच्या व्यासंगाची स्तुती केली; त्यांनी जिंकून दिलेला खटला मात्र पटकन कोणालाच आठवेना. अखेरीस अध्यक्षांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याची विनंती केली. आम्ही उभे राहिलो. आयुष्यभर मौनाची तरफदारी करून स्वतः ते एकदाच पाळलेल्या माणसासाठी ती खोली चिडीचूप झाली.

आणि रस्त्यावरून आरोळी आली, "कल्हईऽऽय!"

अध्यक्षांनी कपाळाला आठी घातली आणि दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला खूण केली. शिपाई बाहेर निघाला. मी हात पुढे करून त्याचे मनगट धरले.

आरोळी पुन्हा उठली, अधिक जवळून. मग दूर जाऊ लागली. ती वळणापलीकडे जाईपर्यंत कोणी खाली बसले नाही. दोन मिनिटे केव्हाच होऊन गेली होती.