वॉरंटसाहेबांचा दुसरा डोळा

गावंडे काका पहिल्यांदा माझ्या दुकानात आले ते चिठ्ठी घेऊन, आणि गेले ते मला चिडवून. कळंबला माझं औषधांचं दुकान आहे. डॉक्टरांची चिठ्ठी वाचून मी गोळ्या काढल्या, पुडीवर वेळा लिहिल्या आणि पुढं सरकवल्या. त्यांनी पुडीला हात लावला नाही.

"हे दुसऱ्या कोनी पाह्यलं?"

"मी फार्मासिस्ट आहे, काका."

"म्हनूनच इचारतो. काढल्या तुमी, अन् तपासल्या बी तुमीच? आपलं काम आपुनच पास नाई करावं, भाऊ. दुसरा डोळा पाह्यजे."

असं म्हणून त्यांनी शेजारी खोकल्याचं औषध घ्यायला उभ्या असलेल्या शाळेच्या गुरुजींना बोलावलं, त्यांच्याकडून चिठ्ठीवरची आणि पाकिटावरची नावं मोठ्यानं वाचून घेतली, आणि मगच गोळ्या खिशात टाकल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भर दुकानात माझी परीक्षा, आणि परीक्षक कोण, तर खोकणारे गुरुजी!

पुढं कळलं की हा प्रसाद सगळ्या गावाला मिळत होता. हवाई दलातून निवृत्त होऊन आलेला हा माणूस. घराच्या फाटकावर 'वॉरंट ऑफिसर (निवृत्त)' अशी पाटी लागली तेव्हा गल्लीतले दोघंतिघं काही दिवस दुसऱ्या बाजूनं जायला लागले होते. त्यांना वाटलं, हे कोर्टाकडून वॉरंट घेऊन आलेत. गैरसमज फिटला, पण 'वॉरंटसाहेब' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

साहेब मूळचे बाभुळगावकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरातले. मिसरूड फुटायच्या आत हवाई दलात गेले आणि लढाऊ विमानांची रडार सांभाळण्यात त्यांचा उभा जन्म गेला. तिथला दंडक असा, की ज्यानं दुरुस्ती केली त्यानं ती तपासायची नाही. दुसऱ्या माणसानं येऊन सगळं पुन्हा पाहायचं, सही करायची, तेव्हा विमान वैमानिकाच्या हाती द्यायचं. नोकरी सुटली, पण दंडक काही सुटला नाही. गणपतीच्या मांडवाची वायरिंग ज्यानं केली त्याच्यावर त्यांचा विश्वास नसे. ती तपासायला दुसरा वायरमन येईपर्यंत ते बटणाला हात लावू देत नसत, मग आरतीला उशीर झाला तरी बेहत्तर. पुतणीचा साखरपुडा ठरला तेव्हा एका गुरुजींनी काढलेला मुहूर्त त्यांनी दुसऱ्या गुरुजींकडून तपासून आणला. पहिले गुरुजी रुसले ते जेवायलाच आले नाहीत.

कमलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्याला पुरून उरलेली बाई. त्या म्हणायच्या, "मले पाह्याले आलते तवा पसंत त्यायनं केलं, पन पास त्यायच्या मोठ्या भावानं केलं. नाई त अजून तसेच बसले असते माह्या बापाच्या ओसरीत."

हळूहळू साहेब रोज सकाळी दुकानात यायला लागले. पेपर माझा, चहा माझा, खुर्ची माझी आणि टीका त्यांची. मलाही त्यांच्याशिवाय करमेना. खरं सांगायचं तर आजही मी काढलेलं औषध माझी बायको पाहिल्याशिवाय दुकानाबाहेर जात नाही. ही सवय कुणी लावली ते आता सांगायला नको.

स्वतःच्या नोकरीबद्दल मात्र ते फार बोलत नसत. एकदा मीच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "भाऊ, जिनगानी गेली त्या रडारची सेवा करता करता. पन डब्बा उघडाची परवानगी नव्हती. सीलबंद. बिघडला का पेटीत घालाचा अन् परदेशात धाडाचा. तो महिनोन्‌महिने येत नसे. तवरक विमान उभं. मंग एका विमानाचं काढून दुसऱ्याले लावा. लेकरू आपलं, अन् दवा इचाराले समुद्रापल्याड जा. कसं वाटन?"

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या आवाजात कडवटपणा ऐकला. ज्या वस्तूसाठी हात काळे केले ती आतून कशी आहे हे कधी पाहायलाच मिळालं नाही, हे त्यांचं दुखणं होतं. ते त्यांनी पेन्शनसोबत गावी आणलं होतं.

म्हणूनच त्यांची वैशाली इंजिनियर होऊन बंगलोरला रडार बनवणाऱ्या प्रयोगशाळेत लागली तेव्हा साहेबांनी गावभर पेढे वाटले. वाटले आणि गप्प बसले. मुलीचं काम गुप्त, बापाची नोकरीही तशीच गेलेली. त्यामुळे या घरात एक मजेशीर रीत पडली होती. पोरगी सुट्टीत यायची, दोघं ओसरीवर तासन्‌तास बसायची, आणि दोघांना ज्या एकाच विषयात रस, तो सोडून सगळं बोलायची. बोंडअळी, शेजाऱ्याची म्हैस, चिंतामणीच्या देवळातली गर्दी. काकू कपाळाला हात लावायच्या. "बाप मुका, लेक मुकी. दोघायले एकच रोग."

मग पेपरात बातमी आली. हवाई दलाच्या जुन्या लढाऊ विमानांवर आता आपल्याच देशात तयार झालेलं रडार बसवणार, आणि त्या रडारच्या नजरेनं नेम धरणारी क्षेपणास्त्रंसुद्धा इथलीच. साहेबांनी ती बातमी वाचली, मग मला वाचायला लावली. दुसरा डोळा! मी विचारलं, "काका, जुन्या रडारमध्ये अन् यात फरक काय?"

त्यांनी माझ्या दुकानातल्या टेबल फॅनकडे बोट दाखवलं. "जुनं हे असं. मान फिरवते. हिकडं पाह्यलं तवा तिकडचं दिसत नाई. नवं मान हालवतच नाई. जागच्या जागी, चहूकडं नजर."

"म्हणजे आमच्या सौभाग्यवतीसारखं," मी म्हणालो.

साहेब खळखळून हसले. हसणं ओसरल्यावर पेपरची घडी घालत म्हणाले, "एक डाव पाहाचं हाये, भाऊ. विमान आपल्या हातचं, रडार आपलं, मिसाईल आपली. ते एक डाव निशान्यावर बसलेलं पाह्यलं का मंग चिंतामनीनं उचललं तरी चालते."

असं बोलू नये. त्याच पावसाळ्यात त्यांच्या पोटात दुखायला लागलं. नागपूरला नेलं, तपासण्या झाल्या. औषधांची चिठ्ठी माझ्याच दुकानात आली आणि नावं वाचताच मला कळायचं ते कळलं. कॅन्सर पसरलेला होता. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, उन्हाळा दिसणं कठीण.

साहेबांनी मला सरळच विचारलं, मी आडपडदा ठेवला नाही. ते म्हणाले, "ठीक. संक्रांत त निघते ना?" त्यांच्या डोक्यात काय होतं ते मला ठाऊक होतं. वैशालीनं फोनवर एवढंच सांगितलं होतं की संक्रांतीच्या सुमारास आमचं एक मोठं काम आहे, टीव्हीवर दाखवतील, बाबांना बसवून ठेवा. कसलं काम ते तिनं सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. पण मला न कळायला मी काही दुधखुळा नव्हतो.

दिवाळीनंतर वैशाली आली. मी दुपारी इंजेक्शन द्यायला गेलो तेव्हा साहेब ओसरीवर खाटेवर टेकून बसले होते. काकू घरात होत्या. वैशाली तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होती आणि दाणे भांड्यात टाकायचे सोडून टरफलांत टाकत होती. मी सुई टोचली, कापूस दाबून धरला, तेवढ्यात ती म्हणाली,

"बाबा, समजा, एखांदं काम हाये..."

"कोनतं काम ते सांगू नोको."

"नाई सांगत. समजा म्हनते ना. सगळ्यायनं ठीक म्हनलं. अन् आपल्यालेच वाटते, आपल्या हिश्श्यात कुठंतरी काहीतरी राह्यलं हाये. दाखोता येत नाई. पन वाटते."

साहेबांनी डोळे उघडले. "दुसऱ्या डोळ्यानं पाह्यलं?"

"पाह्यलं. तो पास म्हनते. पन बाबा, म्या जिथं बोट दाखोलं तिथंच त्यानं पाह्यलं."

इतकी वर्षं त्यांचा तो मंत्र ऐकत होतो, पण त्यातली ही फट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. साहेबांच्याही आली नसावी. त्यांनी मान पोरीकडे वळवली.

"मंग तो डोळा दुसरा नाई, पोरी. तुहाच हाये तो. सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं त सगळं सुरूपासून तपासा लागन. साहेब लोक नाराज होतीन. अन् मंग..." तिनं हातातली शेंग तशीच टाकली. "मंग उन्हाळा निंगून जाईन, बाबा. पुरा उन्हाळा."

मला उठून जायला हवं होतं, पण कापूस अजून माझ्या बोटाखाली होता आणि त्यांचा दंड, सुकून काडी झालेला, माझ्या हातात होता.

"तुमाले पाहाचं होतं ना," ती रडायलाच लागली. "आतापरेंत तेवढंच त मांगतलं तुमी."

साहेब ओरडले नाहीत. उलट इतक्या मऊ आवाजात बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "विमानात कोनी त बसत असन ना? त्याची माय घरी वाट पाहून राह्यली असन. माह्यापायी त्याले वर धाडतं का तू? माहं दुखनं अन् तुहं काम एका तराजूत टाकू नोको. जाय. सांगून दे."

दुसऱ्याच दिवशी ती बंगलोरला परत गेली. आठवड्याभरानं सकाळी तिचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. ती म्हणाली, "बाबा, पुढं ढकललं." साहेब म्हणाले, "बरं." फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी पायांत चपला अडकवून निघून आलो. मला त्या मुलीचा राग आला होता. सगळे हो म्हणत होते, तर हिलाच काय पडलं होतं? मरणाऱ्या बापाची एक इच्छा, तीही हातातोंडाशी आलेली. हा राग मी कुणाला बोलून दाखवला नाही, पण तो होता.

संक्रांत आली आणि गेली. टीव्हीवर काही दाखवलं नाही. माघात साहेब गेले. वैशाली शेवटी त्यांच्याजवळ होती. अंत्ययात्रेला सारं कळंब लोटलं. ज्यांची ज्यांची कामं त्यांनी नापास केली होती ते सगळे आले होते. मुहूर्तावरून रुसलेले गुरुजीही.

पावसाळा सरता सरता एका सकाळी ती बातमी आली. जुन्या लढाऊ विमानातून आपल्या क्षेपणास्त्राची चाचणी, आपल्याच रडारच्या नजरेनं, आणि निशाणा अचूक. पडद्यावर एक पांढरी रेघ निघाली, दूर कुठंतरी धूर झाला. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र ती रिकामी खुर्ची बघवेना. वैशालीला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "काका, थांबलो ते बरं झालं. खरंच काहीतरी राह्यलं होतं."

मी पेढे घेऊन काकूंकडे गेलो. त्या अंगणात गहू वाळत घालत होत्या. बातमी त्यांनी ऐकली होती. मी म्हणालो, "काकू, आज काका पाहिजे होते. त्यांचं पाहायचं राहून गेलं हो."

काकूंनी गव्हावरचा हात थांबवला. "पोरीचा फोन आलता ना, ढकललं म्हनून? तुमी निंगून गेले. त्याच्या आंधी महिनाभर पातळ पेजेशिवाय काही उतरत नव्हतं त्यायच्या गळ्याखाली. त्या दिवशी उठून बसले अन् म्हने, कमल, भाकर टाक. अर्धी भाकर खाल्ली तुरीच्या सोल्याच्या भाजीसंगं. वरून म्हने, विमान उडन तवा उडन, पोरगी माही कोनाले भ्याली नाई, मले बी नाई."

त्यांनी पेढा घेतला, अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"आता तुमीच सांगा, अविनाशभाऊ. त्यायचं पाहाचं काय राह्यलं?"