संपादक म्हणून छापायचं नाव

अमरावतीच्या एका साप्ताहिकाने मला व्यवस्थापक संपादक नेमलं, तेव्हा माझं वय असं होतं की आरशात मला नेहमी थोर माणूसच दिसायचा. मॅट्रिक झालो होतो, अक्षर बरं होतं, घरी अंजनगाव सुर्जीला पानमळा होता. साप्ताहिकाचे मालक म्हणजे गावातले एक नामांकित वकील. त्यांनी मुलाखतीत एवढंच विचारलं, "प्रकृती कशी आहे?" उत्तम, म्हणालो. "थंडी सोसते?" सोसते, म्हणालो. काय ही आपुलकी, असं मला वाटलं.

इंग्रज सरकारवर आग ओकणारे अग्रलेख वकीलसाहेब लिहीत. मी कागद, शाई आणि छापखान्यातली भांडणं सांभाळायचो. अंकावर त्यांचं नाव कुठेच नसे. शेवटच्या पानाच्या तळाशी संपादक म्हणून माझं एकट्याचं असे. त्यांच्या या निगर्वीपणाने मी भारावून जायचो. आई तर प्रत्येक अंक देवाजवळ ठेवायची.

एकदा अकोल्याला गेलो होतो. जुन्या शहरात वांगी विकणाऱ्या एका माणसाने माझ्या हातातला अंक मागून घेतला, थेट शेवटचं पान उघडलं आणि हसला.

"हे तुमीच का?"

"हो."

"तुमच्या आधी मी होतो. लेख त्यायनं लिवला, अन् जेलात मी गेलो."

"वकीलसाहेबांनी काही केलं नाही?"

"केलं ना. कोर्टात माह्या बाजूनं फुकट उभे राहिले. लय सुंदर बोलले." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "तुमी कावून घाबरून राहिले? जेवन भेटते तिथं."

घाबरलो होतो हे खरंच. वडील गेलेले, पानमळा आईच्या एकटीच्या जिवावर. मी आत गेलो तर तिने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? परतीच्या गाडीत मात्र भीती उतरली आणि राग चढला.

त्या आठवड्याचा अग्रलेख चांगलाच जहाल होता. तळाशी माझ्या नावाच्या जागी मी वकीलसाहेबांचं नाव जुळवून घेतलं आणि कच्चा छाप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला.

"हे काय?"

"श्रेय लेखकाला मिळावं, असं वाटलं."

ते बराच वेळ लाल पेन्सिल घेऊन बसले. 'जुलमी राजवटी'चा 'काहीसा कडक कारभार' झाला. 'उलथून टाका'च्या जागी 'सरकारने कृपया विचार करावा' आलं. उरलेला मजकूर डेप्युटी कमिशनरच्या मडमेला वाढदिवसाला भेट देता आला असता. संपादन कशाला म्हणतात ते मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

माझी नोकरी अर्थातच गेली. माझ्या जागी धारणीकडचा एक तरुण शिक्षक आला. मी त्याला गाठून सगळं सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं.

"मले माहीत आहे," तो म्हणाला. "कोनाले तरी आत जाच लागन ना?"

त्याच्यापुढे मला मान वर करवेना. वकीलसाहेबांवरचा माझा राग मात्र दुप्पट झाला, कारण असा माणूस त्यांना आयता मिळाला होता.

तो लवकरच पकडला गेला. वकीलसाहेबांनी त्याच्या त्यागावर अग्रलेख लिहिला, इतका जळजळीत की वाचताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्या अंकाचा संपादक म्हणून आणखी एक नवंच नाव छापलेलं होतं.